कुर्गानच्या रिंगा आणि हाडातलं चुंबक



कुर्गान हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते अहमदनगरला, वर्गात बसून. बीएमपी या चिलखती गाडीवर आम्हाला शिकवत होते. पायदळाला पोटात घेऊन रणगाड्यांबरोबर धावणारी ही सोव्हिएत गाडी. शिकवणाऱ्या साहेबांनी जाता जाता सांगितलं, की ही गाडी उरल पर्वताच्या पलीकडे, सैबेरियाच्या उंबरठ्यावर असलेल्या कुर्गान शहरात बनते. परीक्षेत न येणारी माहिती, म्हणून मी ती वहीतही उतरवली नाही.

दुसऱ्यांदा ते नाव कानावर आलं १९९२ च्या मार्चमध्ये. तेव्हा मी मेजर होतो आणि सहा महिने एका लष्करी रुग्णालयात खाटेवर होतो. राजस्थानात रात्रीच्या एक्सरसाइजमध्ये आमची जोंगा वाळूच्या टेकाडावरून उलटली आणि माझी उजवी नडगी तिच्याखाली सापडली. हाड कातडी फाडून बाहेर आलेलं, जखमेत वाळू. दोन ऑपरेशनं झाली, दोन्ही वाया गेली. हाडात पू झाला. पाच सेंटिमीटर हाड मेलेलं आहे, ते काढावंच लागेल, असं एक्स-रे बघून सांगण्यात आलं. एका सर्जनचं मत गुडघ्याखाली पाय कापावा असं होतं, आणि त्यांचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. चांगला कृत्रिम पाय लावून तीन महिन्यांत चालायला लागलेले जवान मी पाहिले आहेत. पण तिथले दुसरे सर्जन, एक लेफ्टनंट कर्नल, खाटेच्या कडेवर बसून म्हणाले, “मेजर, एक रशियन पद्धत आहे. कुर्गानची. वेळ फार लागेल, त्रासही होईल. पण पाय तुमचाच राहील.”

मी म्हणालो, “सर, माझी गाडीही कुर्गानचीच आहे.”

हे सगळं आज काढायचं कारण म्हणजे इथला, महूतला, आमच्या कॉलनीतला एक मुलगा. वडील निवृत्त सुभेदार. मुलगा भरतीची तयारी करतो, धावतो चांगला, पण उंचीत दोन सेंटिमीटर कमी पडतो. गेल्या महिन्यात तो मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. पाय लांब करायच्या ऑपरेशनची माहिती त्याने गोळा केली होती. मला म्हणाला, “सर, तुमच्या पायाला रिंगा होत्या ना? आता तर आतून करतात. बाहेर काही दिसत नाही. चांगलं कोणतं, बाहेरचं की आतलं?” मी त्याला पुढच्या रविवारी ये म्हणालो. त्याला काय सांगायचं ते जुळवता जुळवता हा भाग तयार झाला.

सुरुवात इटलीपासून करू या. बोलोन्यातल्या रिझोली संस्थेत आलेस्सांद्रो कोदिव्हिला नावाचे सर्जन होते. १९०५ मध्ये त्यांनी आखूड पाय लांब करण्यावर निबंध प्रसिद्ध केला. पद्धत सरळ होती आणि भयंकरही: मांडीचं हाड कापायचं, टाचेच्या हाडातून खिळा आरपार घालायचा, रुग्णाला भूल देऊन त्या खिळ्याला धरून पाय ओढायचा आणि ताणलेल्या अवस्थेत प्लास्टर घालायचं. तीन ते आठ सेंटिमीटर लांबी मिळाल्याचं त्यांनी नोंदवलं. काही रुग्णांना ओढल्यानंतर झटके आले, हेही नोंदवलं. हा माणूस प्रामाणिक होता.

कोदिव्हिलांनी एक गोष्ट नेमकी ओळखली होती. पाय लांब करताना हाड आडवं येत नाही. हाड करवतीने दोन मिनिटांत कापता येतं. आडवे येतात ते स्नायू, शिरा, रक्तवाहिन्या, कातडी. हाडाभोवतीचं सगळं मांस जुन्या लांबीला धरून बसलेलं असतं. म्हणजे रोग कळला होता, औषध चुकलं होतं. हिसडा देऊन मांस लांब होत नाही, ते फाटतं.

पुढची पन्नास वर्षं या चुकीच्या दुरुस्तीत गेली. कोदिव्हिलांच्याच संस्थेत पुत्ती, अमेरिकेत ॲबट, यांनी एकदम ओढणं सोडून हळूहळू ओढणारी यंत्रं बसवली. ॲबटचा निबंध १९२७ चा. तरीही हाड न जुळणं, जखमेत पू होणं, पाऊल लुळं पडणं हे चालूच राहिलं. शेवटी बऱ्याच सर्जननी हा नादच सोडला. आखूड पायाच्या बुटाला जाड तळ लावा, नाहीतर चांगला पाय कापून आखूड करा, असा सल्ला मिळू लागला. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्या काळी तो शहाणपणाचा होता.

उत्तर निघालं ते जिथे कुणी बघत नव्हतं तिथे. गॅव्ह्रिइल इलिझारोव्ह यांचा जन्म १९२१ चा, बालपण अझरबैजानमधल्या कुसार गावात. क्रिमियातल्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि जर्मन सैन्य चालून आल्यावर ते महाविद्यालयच उचलून कझाकस्तानात नेण्यात आलं. १९४४ मध्ये पदवी मिळाली आणि नेमणूक झाली कुर्गान प्रांतातल्या खेड्यात. वय तेवीस. वरिष्ठ नाही, तज्ज्ञ नाही, समोर येईल तो रुग्ण. आणि तेव्हा रुग्ण कोण येत होते? महायुद्धातून परतलेले सैनिक. गोळीने, तोफगोळ्याच्या कपच्यांनी फुटलेली हाडं वर्षानुवर्षं जुळलेली नाहीत, जखमा वाहताहेत, पाय आखूड झालेले. प्लास्टर काढायचं, पुन्हा घालायचं, याखेरीज त्यांच्यासाठी काही नव्हतं.

इलिझारोव्हनी १९५१ च्या सुमारास जे यंत्र बनवलं ते बघून तुम्हाला सायकलचं चाक आठवेल. पायाभोवती लोखंडी रिंग. रिंगेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत हाडातून आरपार जाणाऱ्या बारीक तारा, सायकलच्या आऱ्यांसारख्या ताणलेल्या. तार दीड-दोन मिलिमीटर जाडीची, पण ताणली की ती पोलादी पट्टीसारखं काम करते. अशा तीन-चार रिंगा एकाखाली एक, आणि त्यांना जोडणारे आटे पाडलेले दांडे. दांड्यांवर नट. रुग्ण त्या अवस्थेत उभा राहू शकतो, चालू शकतो, कारण वजन तारांवरून रिंगेवर, रिंगेवरून दांड्यांवर आणि पुन्हा खालच्या हाडावर जातं. घोडागाडीच्या जुवावरून त्यांना ही कल्पना सुचली अशी दंतकथा आहे.

आणखी एक गोष्ट सांगतात. यंत्र बसवलं होतं हाडाची टोकं एकमेकांवर दाबण्यासाठी, पण एका रुग्णाने नट उलटे फिरवले. टोकं जवळ येण्याऐवजी लांब गेली आणि एक्स-रेमध्ये मधल्या फटीत नवं हाड दिसलं. गोष्ट अशीच घडली असेल किंवा नसेल. त्यानंतर कुर्गानमध्ये वर्षानुवर्षं झालेलं काम मात्र दंतकथा नाही. कुत्र्यांच्या पायांवर त्यांनी पद्धतशीर प्रयोग केले. दिवसाला अर्धा मिलिमीटर ओढलं तर हाड वेळेआधीच जुळून जातं आणि पुढे ओढता येत नाही. दोन मिलिमीटर ओढलं तर नवं हाड नीट तयार होत नाही, मांसाला इजा होते. एक मिलिमीटर जमतं. आणि तो एक मिलिमीटरसुद्धा एकदम न देता चार भागांत दिला तर अधिक चांगलं, अगदी साठ भागांत दिला तर त्याहून चांगलं. हाड कापताना वरचं पातळ आवरण आणि आतली मज्जा जपायची, कापल्यावर पाच-सात दिवस काहीच करायचं नाही, मग ओढायला लागायचं. त्या वेगाने ओढलं की फक्त हाडच नाही, तर स्नायू, शिरा, रक्तवाहिन्या, कातडी, सगळंच नव्याने वाढतं. कोदिव्हिलांना जिथे अडकायला झालं होतं तिथलं हे उत्तर. माझ्या मते शोध हा आहे. रिंगा हे त्याचं अवजार.

मॉस्कोतल्या मोठ्या सर्जननी बराच काळ दाद दिली नाही. दाद मिळाली ती एका खेळाडूमुळे. व्हालेरी ब्रुमेल, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचा उंच उडीतला सुवर्णविजेता. १९६५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्याचा पाय मोडला. ऑपरेशनांवर ऑपरेशनं झाली, हाड जुळेना, पाय आखूड राहिला. १९६८ मध्ये तो कुर्गानला गेला. त्यानंतर त्याने पुन्हा दोन मीटरच्या वर उडी मारली. मग १९७१ मध्ये कुर्गानला स्वतंत्र संस्था उभी राहिली.

पश्चिमेला मात्र यातलं जवळजवळ काही माहीत नव्हतं. शीतयुद्धाची भिंत. ती ओलांडली कार्लो माउरी या इटालियन गिर्यारोहकाने. त्याचा पाय जुन्या अपघातात मोडला होता आणि नीट जुळला नव्हता, जखम वाहत होती. थोर हायरडालच्या ‘रा’ या पपायरसच्या बोटीवरच्या मोहिमेत त्याच्यासोबत युरी सेन्केविच हा सोव्हिएत डॉक्टर होता. त्या ओळखीतून माउरी १९८० मध्ये कुर्गानला पोचला आणि पाय सरळ करून परत आला. त्याचे इटलीतले डॉक्टर एक्स-रे बघून चक्रावले. १९८१ मध्ये बेलाजिओ इथे भरलेल्या परिषदेत इलिझारोव्हना बोलावण्यात आलं. तिथून ही पद्धत युरोपात, अमेरिकेत आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आपल्याकडे आली. आपल्या अकोल्यात तर या तंत्राला वाहिलेलं केंद्र उभं राहिलं.

आणि असं होता होता, एप्रिल १९९२ मध्ये, ती माझ्या पायावर आली.

मेलेलं हाड काढलं, फट बंद करून टोकं एकमेकांना भिडवली आणि गुडघ्याखाली नव्याने हाड कापलं. पाय पाच सेंटिमीटर आखूड झाला होता, तो वरच्या कापातून वाढवायचा. सात दिवस थांबले. आठव्या दिवशी लेफ्टनंट कर्नल साहेबांनी माझ्या हातात दहा नंबरचा पाना दिला. दांड्याचे आटे असे, की नट एक पूर्ण फेरा फिरला की एक मिलिमीटर. म्हणजे पाव फेरा म्हणजे पाव मिलिमीटर. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. चार दांडे. “हे काम तुमचं,” ते म्हणाले, “माझं नाही.” सुटीवर घरी आल्यावर रात्री बाराचा फेरा बायकोकडे होता. गजर लावून उठायची, टॉर्च तोंडात धरायची, चार नट फिरवायची, वहीत खूण करायची आणि झोपायची. मी पुष्कळदा जागाही होत नसे.

त्रास झालाच. तारा जिथे कातडीतून आत शिरतात तिथे पाणी यायचं, लाल व्हायचं. ते रोज साफ करायचं. तीनदा प्रतिजैविकांचा कोर्स झाला. झोपताना पाय उशीवर ठेवायचा, चादर तारेत अडकली की जीव जायचा. पँटची एक बाजू उसवून नाड्या लावल्या होत्या. लोक बघायचे. रेल्वेत एक लहान मुलगी बराच वेळ बघत बसली आणि मग आईला म्हणाली, काकांचा पाय पिंजऱ्यात का ठेवलाय? लांबी वाढवणं पन्नास दिवसांत संपलं. पण नवं हाड घट्ट होईपर्यंत रिंगा ठेवाव्या लागतात, आणि साधारण हिशेब असा, की वाढवलेल्या प्रत्येक सेंटिमीटरमागे महिना, दीड महिना. डिसेंबरमध्ये रिंगा निघाल्या. आठ महिने. मी रिंगांमध्ये असतानाच, जुलैत, इलिझारोव्ह वारले होते. मला ते कितीतरी वर्षांनी वाचनात कळलं. तोवर सोव्हिएत संघही उरला नव्हता आणि आमच्या बीएमपींच्या सुट्या भागांची मारामार सुरू झाली होती.

पाय वाचला. घोटा मात्र पूर्वीसारखा वाकला नाही. पोटरी ताणाखाली आखडली, टाचेची शीर घट्ट झाली, आणि ती मी पुरेशी ताणली नाही. फिजिओथेरपी करणारा हवालदार रोज ओरडायचा, मी मेजरपणा दाखवायचो. घोटा वाकत नाही म्हणजे बीएमपीच्या हॅचमधून झटकन बाहेर उडी घेता येत नाही. लो मेडिकल कॅटेगरी लागली, बटालियनची कमान मिळाली नाही, उरलेली नोकरी बहुतेक टेबलावर गेली. यात हाडाचा दोष नव्हता. नवं हाड आजही ठणठणीत आहे.

आता आतली पद्धत. तिचाही जन्म युद्धाच्या सावलीतलाच, फक्त दुसऱ्या बाजूचा. जर्मनीत कील शहरात गेरहार्ड कुंट्शर यांनी १९३९ मध्ये मोडलेल्या मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब पोलादी खिळा घातला. आज आपण “पायात रॉड टाकलाय” म्हणतो तो हाच. महायुद्धात जर्मन लष्करी रुग्णालयांत तो वापरला गेला. दोस्तांना याचा पत्ता लागला तो सुटून आलेल्या युद्धकैद्यांमुळे: अमेरिकी डॉक्टर एक्स-रे काढतात तर मांडीच्या हाडात वरपासून खालपर्यंत धातूची काठी! १९४५ मध्ये टाइम साप्ताहिकाने त्यावर बातमी छापली. शत्रूच्या जखमी सैनिकाला इतकं चांगलं ऑपरेशन करून परत पाठवायचं, ही युद्धातल्या बातम्यांमधली दुर्मीळ जात.

रॉड मोडलेलं हाड धरून ठेवतो. पण तोच रॉड दुर्बिणीच्या नळीसारखा आतल्या आत लांब झाला तर? रिंगा नकोत, तारा नकोत, जखमेतून पाणी नको. कल्पना कुणालाही सुचेल अशी. अडचण एकच: बंद कातडीच्या आत असलेला रॉड लांब करायचा कसा? नट फिरवायला पाना आत कसा घालणार?

यावर निघालेली उत्तरं वाचताना मला मोठी मजा वाटते. १९८३ मध्ये क्रिमियातल्या सिंफेरोपोलच्या ब्लिस्कुनोव्ह यांनी मांडीतल्या रॉडचं वरचं टोक दांड्याने कमरेच्या हाडाला जोडलं. रुग्ण पाय फिरवेल तसा आतला खटका सरकायचा आणि रॉड लांबायचा. इलिझारोव्ह जिथे शिकले तिथलाच हा दुसरा सर्जन, उलट्या दिशेने निघालेला. फ्रान्समध्ये गिशे यांनी खटक्याचाच रॉड केला: पाय सुमारे वीस अंश आत-बाहेर पिळायचा, असे पंधरा खटके झाले की एक मिलिमीटर. म्हणजे नुकतंच कापलेलं हाड दिवसातून पंधरा वेळा पिळायचं. काही रुग्णांना त्यासाठी भूल द्यावी लागली, यात नवल काय? मग अमेरिकेत २००१ मध्ये एक रॉड आला जो चालता-फिरता होणाऱ्या थोड्याशा पिळानेही लांबायचा. त्याची तक्रार अगदी उलटी निघाली, काहींच्या बाबतीत तो थांबायलाच तयार नव्हता. रुग्ण झोपेत कूस बदलतो आणि हाड ठरल्यापेक्षा जास्त लांबतं. एक मिलिमीटरचा नियम तुटला, की पुन्हा कोदिव्हिलांच्याच दारात.

म्युनिकच्या बाउमगार्ट आणि बेट्झ यांनी नव्वदच्या दशकात रॉडमध्ये विजेची मोटरच बसवली. तिला लागणारी वीज कातडीखालच्या अँटेनातून, बाहेर धरलेल्या यंत्राकडून मिळायची. आणि २०११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एलिप्स कंपनीच्या ‘प्रिसाइस’ या चुंबकाच्या रॉडला अमेरिकेत मंजुरी मिळाली. रॉडच्या आत लहानसं चुंबक आणि दंतचक्रं. मांडीवर एक जड यंत्र ठेवायचं, त्यातली मोठी चुंबकं फिरतात, त्यांच्या मागे आतलं चुंबक फिरतं आणि रॉड लांबतो. उलट फिरवलं तर आखूडही होतो. शेवटी पाना सापडला म्हणायचा, कातडी न उघडता आत पोचणारा.

हा रॉड मी जवळून पाहिला २०१९ मध्ये, बंगळुरूला, माझ्या पुतणीच्या घरी. तिच्या मुलीच्या मांडीच्या हाडाची गुडघ्यापाशी असलेली वाढीची कूर्चा नवव्या वर्षी पडून दुखावली होती. एक पाय वाढला, दुसरा मागे राहिला. सतराव्या वर्षी फरक चार सेंटिमीटर. चुंबकाचा रॉड घातला. मी गेलो तेव्हा पोरगी पलंगावर बसून एका हाताने मांडीवर यंत्र धरून दुसऱ्या हाताने मोबाइल बघत होती. दिवसातून तीन वेळा, दर वेळी काही मिनिटं. मला म्हणाली, “आजोबा, तुम्ही खरंच पान्याने फिरवायचा?” जखम म्हणाल तर दोन-तीन छोटे टाके. पँट उसवायला नको. कॉलेजात कुणाला कळलंही नाही. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला.

पण चौथ्या आठवड्यात पुतणीचा रात्री फोन आला. “काका, हिचा गुडघा चाळीस अंशांच्या पुढे वाकत नाहीये. डॉक्टर म्हणतात वेग कमी करू. आणि ही व्यायामाला रडते.” तो फोन ऐकताना मला तो हवालदार आठवला. रॉड आत असो की रिंग बाहेर, मांडीच्या स्नायूला ते ठाऊक नसतं. त्याला एवढंच कळतं, की आपल्याला रोज एक मिलिमीटर ओढलं जातंय. वेग पाऊण मिलिमीटरवर आणला, दिवसातून दोनदा फिजिओथेरपी केली, तेव्हा गुडघा परत आला. मांडीला रिंगा असत्या तर तारा स्नायूंतून आरपार गेल्या असत्या आणि गुडघ्याचं आणखी अवघड झालं असतं, हेही खरं. मांडीच्या बाबतीत आतली पद्धत निःसंशय सुखाची आहे. तरी नवं हाड भरेपर्यंत तिला कुबड्यांवर राहावं लागलं, कारण तो रॉड पूर्ण वजन घेत नाही. मी रिंगांवर दुसऱ्या महिन्यात चालत होतो. आणि वर्षभराने रॉड काढायला दुसरं ऑपरेशन.

वजन घेणारा पोलादी रॉडही निघाला, ‘स्ट्राइड’ नावाचा, २०१८ मध्ये. त्याचं फार कौतुक झालं. मग काही रुग्णांच्या एक्स-रेमध्ये रॉडच्या सांध्यापाशी हाड विरलेलं दिसू लागलं, काढलेल्या रॉडवर गंज दिसला, आणि २०२१ मध्ये कंपनीने तो मागे घेतला. बाहेरच्या पद्धतीत बिघडतं ते रोज सकाळी डोळ्यांना दिसतं आणि नाकाला कळतं. आतल्या पद्धतीत ते एक्स-रे काढेपर्यंत लपून राहतं. सैनिक म्हणून मला दिसणारा शत्रू बरा वाटतो, पण ही माझी आवड झाली. त्या पोरीला विचाराल तर ती वेगळं सांगेल.

हाडात पू असेल तर आत रॉड घालणं धोक्याचं, म्हणजे सुरुंगाचा, गोळीचा, वाळू-मातीचा जखमी आजही बहुधा रिंगांकडेच जातो. लहान मुलांत वाढीची कूर्चा आड येते. हाड वाकडंही असेल, पिळलेलंही असेल, तर रिंगा ते हळूहळू सरळ करू शकतात. अमेरिकेत टेलर बंधूंनी नव्वदच्या दशकात दोन रिंगांमध्ये सहा तिरके दांडे बसवून ते गणित संगणकाकडे दिलं. आमच्या सिम्युलेटरची केबिन ज्या सहा पायांवर डुलते, तीच ही रचना. आणि पैसा. रिंगांचे संच आपल्याकडे बनतात, निर्जंतुक करून पुन्हा वापरता येतात. चुंबकाचा रॉड एका पायाला कित्येक लाखांचा, आणि तो एकदाच वापरायचा.

रविवारी सुभेदार साहेबांचा मुलगा आला. बरोबर सुभेदार साहेबही होते, दाराशीच उभे. मी दोघांना बसवलं आणि हे सगळं सांगितलं. मुलगा लक्ष देऊन ऐकत होता, पण त्याचा प्रश्न जिथल्या तिथे होता. “सर, पण आतल्याने तीन सेंटिमीटर होतील ना?”

होतील, मी म्हणालो. बहुधा होतील. मग बाकीचंही सांगितलं. तुझे दोन्ही पाय चांगले आहेत, म्हणजे दोन्ही चांगली हाडं कापावी लागतील. हाडाची पोकळी रुंद करताना चरबीचे कण रक्तात जाऊन फुप्फुसात अडकू शकतात, आणि दोन्ही मांड्या एकदम केल्या तर तो धोका वाढतो. रॉड आत असताना भरतीच्या वैद्यकीय तपासणीत तू बाद होशील. रॉड काढलास तरी सोळाशे मीटर धावायचंय, नऊ फुटी खड्डा ओलांडायचाय, आणि तोवर वयाची अट कुठे गेली असेल ते बघ. चीनमध्ये उंचीच्या अटी असलेल्या नोकऱ्यांसाठी पोरं हीच ऑपरेशनं करून घेत होती. इतक्या जणांचे पाय बिघडले, की २००६ मध्ये तिथल्या सरकारने केवळ उंचीसाठी हे ऑपरेशन करण्यावर बंदी घातली.

तो गप्प होता. मग मी पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. तारांच्या खुणा अजून आहेत, दोन्ही बाजूंनी, शिवणीच्या टाक्यांसारख्या. त्याने त्या मोजल्या. मग माझा घोटा हातात धरून वर वाकवून बघितला. तो जेवढा वाकतो तेवढाच वाकला.

“किती वेळा फिरवला सर, पाना?”

मी हिशेब सांगितला. चार दांडे, दिवसातून चार वेळा, पन्नास दिवस. आठशे.

“मी आठशे वेळा फिरवीन,” तो म्हणाला.

सुभेदार साहेब इतका वेळ काही बोलले नव्हते. ते त्याच्याकडे न बघता म्हणाले, “साहेबांचा पाय कापणार होते रे. तुझा कोण कापतंय?”

चहा झाला, दोघे गेले. परवा पहाटे मी फिरायला गेलो तेव्हा मुलगा मैदानावर धावत होता. मला बघून त्याने हात केला, थांबला नाही. ऑपरेशनचं त्याने काय ठरवलंय ते मी विचारलेलं नाही.

पुढच्या भागात कुंट्शरच्या खिळ्याबद्दल जरा सविस्तर बोलू. भेटू या. जय हिंद.